हाकेच्या अंतरावरचा खेळ

बाबा आयसीयूत होते त्या अकरा रात्री आई आणि मी बाहेरच्या हॉलमध्ये काढल्या. २०१९ चा ऑगस्ट होता, पुण्यात पाऊस नुसता कोसळत होता. हॉलमध्ये एकमेकींना जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा कूलर, भिंतीवर गणपतीचा फोटो आणि त्याच्या खाली मोबाइल चार्ज करायला एकच बोर्ड. रात्री दहानंतर मोठे दिवे बंद व्हायचे. मग अर्धवट अंधारात वीस-पंचवीस चेहरे खालून उजळलेले दिसायचे, देव्हाऱ्यात निरांजनाच्या उजेडात दिसतात तसे.

पहिल्या रात्री मला वाटलं, माणसं घरी निरोप पाठवत असतील, पैशांची जुळवाजुळव करत असतील. दुसऱ्या रात्री पाणी भरून आणायला उठले आणि येता-जाता फोनच्या पडद्यांकडे नजर गेली. डोक्यावरून पदर घेतलेल्या एक आजी रंगीत फुगे फोडत होत्या. ज्याचा भाऊ मोटरसायकलवरून पडला होता तो मुलगा वरून पडणारे ठोकळे फिरवून बसवत होता. भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले दोघे जण एका फोनवर लुडो खेळत होते, आवाज बंद करून. फासा पडला की एकमेकांकडे नुसतं बघायचे. आणि माझी आई, मला वाटत होतं ती देवाचं नाव घेत बसली असेल, ती गोळ्या जुळवत होती. लाल तीन, हिरव्या तीन, केशरी चार.

मला राग आला. फार राग आला. "आई, बाबा आत आहेत आणि तू गेम खेळतेस?"

तिने मान वर केली नाही. बोट ठेवलं होतं ती गोळी सरकवली, मग चष्मा काढला.

"अगं, संध्याकाळपासून माळ घेऊनच बसले होते. माळ ओढायला लागलं की मन आतच जातं. त्या नळ्या दिसतात, ते मशीन दिसतं. ह्यात डोळे गुंततात. तेवढा वेळ काही दिसत नाही."

मी काही बोलले नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि सिस्टर म्हणाल्या, "बेड नंबर सातचे नातेवाईक!"

हॉलमधला एकूण एक फोन खाली झाला. सगळ्या माना वर. आम्ही बेड चारचे, तरी आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. सात नंबरवाला तो ठोकळ्यांचा मुलगा उठला, फोन खुर्चीवर टाकून आत धावला. त्याच्या पडद्यावर ठोकळे पडतच राहिले, एकावर एक, वरच्या कडेला टेकेपर्यंत. मग डाव संपला आणि पडदा आपोआप विझला.

ह्या खेळांना कॅज्युअल गेम म्हणतात. सहज, जाता-जाता खेळायचे. त्या हॉलनंतर तो शब्द मला पुरत नाही. तिथे सहज म्हणून कुणी बसलेलं नव्हतं. पुस्तक उघडलं तर एका पानावर अर्धा तास जायचा. बुद्धिबळ मांडायची कुणाची टाप नव्हती. झोप येत नव्हती, आणि आली तरी घ्यायची नव्हती, कारण कुठल्याही क्षणी हाक येणार होती. हाक आली की जसाच्या तसा टाकून उठता येईल आणि टाकल्याचं दुःख होणार नाही, असाच खेळ तिथे चालला असता. मला वाटतं, ह्या खेळांची सगळी ओढ इथे आहे. ज्यांचा वेळ त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, त्या माणसांचे हे खेळ आहेत.

आजूबाजूला बघा. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, ज्याला गाडीचा हॉर्न वाजला की फाटक उघडायचं असतं. स्टँडवर नंबर लावून बसलेला रिक्षावाला. शाळा सुटायची वाट बघत झाडाखाली उभ्या आया. बाळाला मांडीवर थोपटणारी, एकच हात मोकळा असलेली बाई. गॅसजवळ तिसऱ्या शिट्टीसाठी थांबलेली बाई. ह्या सगळ्यांकडे वेळ असतो, पण सुट्ट्या पैशांसारखा असतो. त्यात मोठं काही विकत घेता येत नाही. दोन मिनिटांचा एक डाव मात्र येतो, आणि तो पुरता येतो.

माझं आजोळ वाईचं. दुपारची जेवणं आटोपली, उष्टी-खरकटी निघाली, की आजी आणि शेजारच्या दोघी-तिघी ओसरीवर सागरगोटे खेळायला बसायच्या. राखाडी, गुळगुळीत, मुठीत घेतल्यावर गार लागणाऱ्या त्या बिया. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे. आधी एक-एक, मग दोन-दोन, मग तीन, मग सगळे एका मुठीत. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा अवघड. आज ज्याला लेव्हल म्हणतात ती चढण त्या ओसरीवर होतीच. आणि आतून आजोबांनी "अगं, पाणी" म्हणून आवाज दिला की आजी उडवलेला गोटा झेलून, पदरात टाकून उठायची. परत आली की तिथूनच पुढे. कुणी म्हणत नसे की डाव मोडला. उठावं लागणार हे त्या खेळात धरलेलंच होतं.

आपल्याकडे ह्यासाठी फार चांगला शब्द आहे, चाळा. हाताला चाळा. तो आपण जरा हिणवून वापरतो, "काय चाळा लावलाय!" म्हणून. पण वाती वळणं, मटार सोलणं, लोकरीचं विणकाम, ह्या सगळ्यांत कामाइतकाच चाळा असतो. हात एकाच ओळखीच्या हालचालीत राहतात आणि मन त्या हालचालीला टेकून बसतं. वाती वळणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की ती वेळ का वाया घालवते. फोनवर गोळ्या जुळवणारीला विचारतात. मीही विचारलं होतं.

पुढे काही महिन्यांनी मला कळलं की आई जे म्हणाली, "तेवढा वेळ काही दिसत नाही", ते प्रयोग करून पाहिलेलं आहे. ऑक्सफर्डला एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अपघात-मृत्यूची अस्वस्थ करणारी दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे तोच वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ, खेळायला दिलं. पुढच्या आठवडाभरात ज्यांनी टेट्रिस खेळलं होतं त्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं अचानक उभी राहण्याचं प्रमाण कमी निघालं. त्यांचं स्पष्टीकरण साधं आहे. डोळ्यांपुढे चित्र उभं करायला मनात जी जागा लागते, तीच जागा ठोकळा मनातल्या मनात फिरवून बघायलाही लागते. दोन्ही एकाच वेळी तिथे मावत नाहीत. नंतर त्यांच्याच चमूने ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, रस्त्यावरच्या अपघातातून आलेल्या ७१ जणांबरोबर हे करून पाहिलं. अपघातानंतर सहा तासांच्या आत काहींच्या हातात टेट्रिस दिलं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना नको त्या आठवणींनी कमी छळलं. हे वाचलं तेव्हा मी आईला फोन केला आणि त्या रात्रीबद्दल तिची माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता.

टेट्रिस जन्मला तोही रिकाम्या वेळेत. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या तरुण संशोधकाने तो लिहिला. त्याच्यापुढचं यंत्र, इलेक्ट्रॉनिका-६०, चित्रं काढूच शकत नव्हतं, म्हणून त्याने ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढले. चार-चार चौकोनांचे सात आकार, बस. आणि ओळ भरली की ती नाहीशी होणार, हा नियम. तपासणीच्या नावाखाली तो स्वतःच खेळत बसायचा, असं त्याने पुढे सांगितलं आहे. मला त्यातली ओळ नाहीशी होण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बैठकीत पसरलेली वर्तमानपत्रं गोळा करून घडी घातली की छातीत जे हलकं होतं, तेच हे. आवरलं! मराठीत आपण घर आवरतो, रडू आवरतो, मनही आवरतो, सगळ्याला एकच क्रियापद. रात्री एक वाजता, ज्या दाराआड काय चाललंय ते कळत नाही त्या दाराबाहेर बसून माणसाला काहीतरी आवरायचं असतं, आणि आवरण्यासारखं हाताशी दुसरं काही नसतं.

बाबांचा खेळ वेगळा होता, पत्त्यांचा. ते बँकेत होते. १९९८ च्या सुमारास त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाबा बावन्न वर्षांचे. लेजरमध्ये एक खाडाखोड नसलेला माणूस, पण माऊस हातात घेतला की घामाने तळवा ओला व्हायचा. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की आता पुढे कुठे न्यायचा म्हणून ते थांबून राहायचे. एका तरुण सहकाऱ्याने त्यांना पत्त्यांचा खेळ उघडून दिला आणि म्हणाला, "साहेब, आठ दिवस फक्त हे खेळा."

हा सॉलिटेअर, ज्याला आपल्या घरांत पेशन्स लावणं म्हणायचे, मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० बरोबर दिला. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या, तिथे उमेदवारी करणाऱ्या मुलाने. त्याचे वेगळे पैसे त्याला मिळाले नाहीत. पत्त्यांची चित्रं सूझन केअर यांची. वस्तू पकडून दुसरीकडे नेऊन सोडायची, ही माऊसची सवय लोकांच्या हाताला लागावी हा त्यामागचा एक हेतू होता, असं सांगतात. बाबांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. काळ्या दश्शीवर लाल नव्वी ठेवता-ठेवता त्यांच्या बोटांची भीती गेली. डाव सुटला की पडद्यावर पत्ते उड्या मारत ओसंडून खाली यायचे. ते बघायला ते आम्हाला घरभर हाका मारायचे.

निवृत्तीनंतर ते फ्रीसेलकडे वळले आणि मग तिथेच राहिले. त्यात बावन्नच्या बावन्न पत्ते सुरुवातीलाच उघडे असतात. बाजूला चार मोकळी घरं, अडलेला पत्ता तात्पुरता ठेवायला. विंडोजमधल्या फ्रीसेलला १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते, कुठलाही नंबर टाकून तो डाव मागवता यायचा. बाबांनी खिशातल्या डायरीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. तारीख, डावाचा नंबर, सुटला की बारीकशी टिकली. कॅशबुक लिहावं तशा सरळ ओळी.

एकदा मी त्यांना इंटरनेटवर वाचलेलं सांगितलं. १९९४-९५ मध्ये कितीतरी अनोळखी लोकांनी ते ३२,००० डाव आपसांत वाटून घेतले आणि एक-एक करून सोडवले. त्यातला एकच कुणाला सुटला नाही, ११,९८२ क्रमांकाचा. पुढे कॉम्प्युटरनेही तो सुटत नाही असंच सांगितलं. मला ती न सुटणाऱ्या डावाची गोष्ट गमतीची वाटली होती. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बाकीचे सगळे सुटतात!" ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी एकही डाव अर्ध्यावर सोडून दिला नाही. अडला की म्हणायचे, "हा सुटतो. मला दिसत नाहीये एवढंच." बँकेतली ती वर्षं, बदल्या, भावांशी झालेले जमिनीचे वाद, माझ्या भावाची गेलेली नोकरी, ह्या सगळ्यांत कुणी त्यांना असं लिहून दिलेलं नव्हतं की हे सुटतं. डाव नंबर अमुक सुटतो, ही खात्री त्यांना संध्याकाळी सहा ते सात मिळायची. लोक ह्या खेळांना पळवाट म्हणतात. मी बाबांना सात वाजता त्या खुर्चीतून उठताना बघितलं आहे. ते पळून गेलेल्या माणसासारखे दिसत नसत. देवळातून आलेल्या माणसासारखे दिसत.

माझ्या स्वतःच्या वाट्याला नोकियावरचा साप आला, डोंबिवली ते सीएसटी, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून. १९९७ साली नोकिया ६११० मध्ये फिनलंडच्या तानेली अरमांटोने तो बसवला आणि आपल्याकडे ११०० च्या रूपाने तो घरोघर पोचला. त्याचं एक वैशिष्ट्य आता लक्षात येतं. खेळ फोनमध्ये होता, आणि फोन आला की तो आपण होऊन थांबायचा. आधी माणूस, मग साप.

आईच्या हातात फोन दिला माझ्या भाचीने आणि त्यात गोळ्यांचा खेळ, कँडी क्रश, घालून दिला तोही तिनेच. पहिल्या आठवड्यात आईने मला विचारलं, "तो जाडा आवाजाचा माणूस मधेमधे काय म्हणतो गं?" मी ऐकलं. स्वीट, म्हणत होता, डिलिशस. मी सांगितलं, "छान झालं, गोड झालं, असं म्हणतो." आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं आहे. सांगतो तरी."

मी त्या वाक्यापाशी पुष्कळ दिवस थांबले आहे. आमच्या घरात आईच्या आमटीला कुणी नावं ठेवली नाहीत. मीठ कमी पडलं त्या दिवशी मात्र सगळ्यांना तोंड फुटायचं. केलेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं, असं घरकाम आयुष्यभर केलेल्या बाईला कुणीतरी प्रत्येक बऱ्या चालीनंतर म्हणतं, छान झालं. त्यातही ह्या खेळाची एक लकब आहे. तुम्ही तीन गोळ्या जुळवता, त्या फुटतात, वरच्या खाली येतात आणि येता-येता आपसूक जुळून आणखी फुटतात. केलं थोडं आणि झालं पुष्कळ. एरवीच्या जगण्यात ह्याच्या बरोबर उलट घडत असतं. हे सगळं भुरळ घालायला मुद्दाम रचलेलं आहे, मला ठाऊक आहे. पण भुरळ पडते ती भुकेला पडते, आणि ती भूक खोटी नाही.

इथे मात्र माझी एक तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे.

आईला त्या खेळात पाच जीव मिळतात. हरलं की एक जातो, गेलेला परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की थांबा, मैत्रिणीकडे मागा, नाहीतर पैसे द्या. सुरुवातीला मला ही सोय वाटली, निदान त्या निमित्ताने डोळ्यांना विसावा. मग लक्षात आलं की काही वेळाने फोन टिंग करतो. जीव भरले, या. आई दुपारी जरा पडलेली असते, ती उठते. आजी ओसरीवर खेळत होती तेव्हा हाक घरातून यायची आणि खेळ वाट बघायचा. सापाच्या वेळीही तेच. आता खेळ हाक मारतो आणि घर वाट बघतं. माणसाच्या सुट्ट्या वेळाचा मान राखणं हाच ह्या खेळांचा मूळ गुण होता, आणि तो नेमका उलटवला गेला. शेवटच्या चालीत एकच गोळी उरली असताना हरवायचं आणि लगेच विचारायचं, आणखी पाच चाली हव्यात का? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलेलंच होतं. टोचलं की दर वेळी दाणा मिळत असेल तर कबुतर सावकाश टोचतं, पण दाणा कधी पडेल ह्याचा नेम नसला तर ते टोचतच राहतं.

आणि जिथे ह्याला पैशांचा डाव जोडला जातो तिथली गोष्ट तर वेगळीच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने मोबाइलवरच्या पत्त्यांत बहिणीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे घालवले. तो मुलगा वाईट नाही. रात्री दोन वाजता एकटा असलेला मुलगा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा त्याच्या आईने माझ्या आईला फोन करून सांगितलं, आणि दोघी फोनवर रडल्या. त्या जुगाराला खेळ म्हणायची माझी तयारी नाही. सागरगोट्यात हरलेल्या बाईच्या हातात संध्याकाळी तेवढेच सागरगोटे असायचे.

खेळ करणाऱ्यांनाही हे टोचतं, निदान काहींना. हनोईच्या डाँग न्यूयेन ह्या तरुणाने फ्लॅपी बर्ड नावाचा अगदी साधा खेळ केला होता, नळांमधून पक्षी उडवत न्यायचा. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर पसरला, जाहिरातींतून रोजचे हजारो डॉलर येऊ लागले. फेब्रुवारीत त्याने तो स्वतः काढून टाकला. निवांत असताना चार मिनिटं खेळायला म्हणून केलेली गोष्ट व्यसन होऊन बसली, आणि ते त्याला सहन होईना. तसंच जॉश वॉर्डलचं वर्डल. आपल्या जोडीदारासाठी केलेला शब्दांचा खेळ, दिवसाला एकच कोडं, संपलं की उद्या. त्यात बसवून ठेवण्याची धडपड नव्हती, तरी माणसं रोज परत येत राहिली. म्हणजे हाक न मारताही खेळ आवडू शकतो.

गंमत अशी की २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कँडी क्रशच्या मालक कंपनीचा ताबा घेतला. बाबांचे पत्ते आणि आईच्या गोळ्या आता एकाच घरातल्या आहेत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "होय का? ह्यांना सांगायला हवं होतं."

बाबा अकराव्या दिवशी गेले. पहाटे सव्वाचारला दार उघडलं आणि हाक आमच्या नावाची होती. आईचा फोन तिच्या मांडीवरून खाली घसरला तो मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून परत आणला. त्यानंतर सहा महिने तिने एकही खेळ उघडला नाही.

मग मार्च २०२० आला. आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी, मी डोंबिवलीत, मावशी बेळगावला, भाची बंगळुरूला. कुणाला कुणाकडे जाता येत नव्हतं. भाचीने आम्हा चौघींना लुडो किंगवर ओढलं. हा खेळ आमच्याच बाजूचा, नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली काढलेला. लॉकडाउनमध्ये त्यावर इतकी माणसं एकदम आली की कधीकधी तो उघडायचाच नाही. रात्री नऊचा आमचा नेम ठरला. लहानपणी आई आणि मावशी जमिनीवर खडूने घरं आखून कवड्या टाकत चल्लस-आठ खेळायच्या, ती चुरस दोघींच्या बोटांत शाबूत होती. मावशीने आईची घराच्या दाराशी आलेली सोंगटी मारली तेव्हा आई फोन कानाला लावून ओरडली, "माले, तू वाईला पण हेच करायचीस!" बाबा गेल्यानंतर तिचा चढलेला आवाज मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवसांत आईला हाक मारायला घरात कुणी नव्हतं. "अगं, पाणी" म्हणणारं माणूस नव्हतं. नऊला पाच कमी असताना ती आम्हा तिघींना एकेक मिस्ड कॉल द्यायची. हाक आता तिने मारायची होती.

आता ती माझ्याकडेच असते. पुण्याचं घर आवरताना बाबांच्या डायऱ्यांचा एक गठ्ठा मिळाला, रबर लावून ठेवलेला. शेवटच्या डायरीत जुलै २०१९ अखेरपर्यंत रोजचा एक नंबर आणि टिकली. त्यानंतर एकच ओळ. २ ऑगस्ट, डाव १७,७६२. पुढे टिकली नाही. त्याच रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या संशोधिकेने १९२७ साली बर्लिनमध्ये लिहिलं होतं की तिच्या प्रयोगांत माणसांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मधेच तोडलेली कामं जास्त आठवली. मला तो नंबर पाठ झाला आहे. गाडीत बसले की आठवतो, भाजी चिरताना आठवतो.

गेल्या रविवारी दुपारी मी लॅपटॉपवर फ्रीसेल उघडलं आणि तो नंबर टाकला. बावन्न पत्ते समोर आले, त्या संध्याकाळी त्यांच्या पुढे होते त्याच क्रमाने, तसेच्या तसे. मी फार वेळ एकही पत्ता हलवला नाही. मग हळूहळू सुरुवात केली. एक एक्का राजाखाली दाबलेला होता. तीन मोकळी घरं भरली, चौथं मी राखून ठेवलं, ते राखायचे तसं. अडलं. सुटतो, मला दिसत नाहीये एवढंच.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अगं, पानं घेतलीत, ये."

"आले," मी म्हटलं आणि डाव तसाच ठेवून उठले.